नेट जातं, पण नक्की कुठे जातं?

तुमचा संगणक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी घरूनच ऑनलाइन अर्ज भरायची कामं करते. महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज, डिजिटल सातबारा, पीकविमा. कॉम्प्युटर डेस्कटॉप आहे, विंडोज ११. फायबरचा राउटर बाहेरच्या खोलीत आहे, मी आतल्या खोलीत बसते, मधे लॅनची वायर टाकली आहे. दिवसातून चार-पाच वेळा नेट जातं आणि एक-दोन मिनिटांनी आपोआप येतं. तेवढ्यात ओटीपीची वेळ संपते आणि फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. दुपारी सासरे बाहेर झोपतात म्हणून मी दार लावून बसते, तेव्हा जास्त वैताग होतो. कंपनीचा माणूस राउटर बदलून गेला, म्हणाला लाइन ओके आहे. कॉम्प्युटरवाल्याने फॉरमॅट मारून दिला, तरी तेच. आता तो म्हणतो मदरबोर्डमधलं लॅन गेलंय. मोबाइलवर मात्र नेट गेलेलं कधी दिसत नाही. नवीन कॉम्प्युटर घ्यावा का?
— एक वाचक भगिनी, ता. कराड

उत्तर : ताई, कॉम्प्युटर घेऊ नका आणि तूर्त मदरबोर्डलाही कुणाला हात लावू देऊ नका. तुमच्याकडे राउटर बदलला, विंडोज नवं टाकलं, पण नेट नेमकं कुठे तुटतंय हे कुणीच पाहिलं नाही. मी साताऱ्यात घरोघरी जाऊन नेटवर्कचीच कामं करतो. घर चालवणाऱ्या बाईच्या कामाच्या मशीनवर अंदाजाने खर्च पाडला जातो, याचा मला मनापासून राग येतो. फॉरमॅटने तर वायर दुरुस्त होत नाही आणि बाहेरची लाइनही नाही.

आधी मोबाइलचं बघू. वायफायमधून नेट येत नाहीसं झालं की बरेच फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातात. व्हॉट्सॲप चालूच राहतं आणि आपल्याला वाटतं घरचं नेट ठीक आहे. म्हणून पुढच्या वेळी कॉम्प्युटरचं नेट गेलं की फोनचा मोबाइल डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा आणि आधी न उघडलेली एखादी वेबसाइट उघडून बघा. उघडली तर राउटर आणि बाहेरची लाइन दोन्ही शाबूत. नाही उघडली तर कॉम्प्युटरवाल्याचं बोलणं तिथेच बाजूला ठेवा.

आता मुख्य तपासणी. हिला एक रुपया लागत नाही.

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. त्यात आयपीकॉन्फिग असं सलग लिहून एंटर दाबा. (या खिडकीतलं सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायचं.) जी यादी येईल तिच्यात ‘डिफॉल्ट गेटवे’ अशी ओळ असते. तिच्यासमोरचा आकडा, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, हा तुमच्या राउटरचा पत्ता. तो वहीत लिहून ठेवा. मग त्याच खिडकीत पिंग लिहा, जागा सोडा, तो पत्ता लिहा, पुन्हा जागा सोडा आणि वजा चिन्ह टाइप करून त्याला लागून टी. एंटर दाबलं की दर सेकंदाला एकेक ओळ येत राहील. आता दुसरी काळी खिडकी उघडून तिच्यात हेच करा, फक्त पत्ता ८.८.८.८ द्या. हा गूगलचा सर्व्हर, म्हणजे घराबाहेरची खूण. दोन्ही खिडक्या शेजारीशेजारी ठेवा आणि नेहमीचं काम करत राहा.

सगळं ठीक असताना दोन्हीकडे ‘रिप्लाय फ्रॉम’ येत राहतं. वायरवरून राउटरचं उत्तर साधारण एक मिलिसेकंदाच्या आत येतं, बाहेरच्याला थोडा जास्त वेळ लागतो. अधूनमधून एखादी ओळ हुकली तर मनाला लावून घेऊ नका, राउटर दुसऱ्या कामात असला की पिंगला उत्तर द्यायचं टाळतो. पण ओळीमागून ओळ ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, ‘जनरल फेल्युअर’ किंवा ‘अनरीचेबल’ यायला लागली की घड्याळ बघा आणि वहीत वेळ लिहा. ही खिडकी वेळ नोंदवत नाही, ते काम आपणच करायचं.

राउटरची खिडकी उत्तर देतेय आणि ८.८.८.८ ची गप्प झाली, तर तुमची वायर, लॅन कार्ड, विंडोज सगळं निर्दोष. दोष राउटरच्या बाहेरच्या अंगाला आहे. दोन्ही खिडक्या एकदम गप्प झाल्या आणि डेटा बंद करूनही फोन वायफायवर चालतोय, तर तुटतंय ते कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यामधे. दोन्ही उत्तरं देतायत पण वेबसाइट उघडत नाही, असंही होतं. तेव्हा बहुतेक वेळा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा अडकलेली असते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घातला की ते सुटतं.

तुमचं पत्र वाचून माझा पहिला संशय वायरीवर आहे, कारण दार. बाहेरच्या खोलीतून आत येणारी वायर दाराच्या चौकटीतून किंवा उंबऱ्यावरून आणली असेल आणि दार लावलं की ती चेपत असेल, तर दुपारचा त्रास त्यातूनच येतो. लॅनच्या वायरीत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पीळ घातलेल्या. आतली तांब्याची तार तुटली तरी वरचं प्लास्टिक अखंड दिसतं. तुटलेली टोकं कधी टेकतात, कधी सुटतात, आणि नेट तसंच येतं-जातं. खिडक्या चालू ठेवून दार दोन-चार वेळा उघडझाक करा. मग वायर चौकटीपाशी हलकेच हलवा. त्याच क्षणी उत्तरं थांबली तर चोर सापडला.

वायरीची आणखी एक खूण आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट, तिथे ‘लिंक स्पीड’ बघा. १०० एमबीपीएसला आठांपैकी चारच तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे गिगाबिटचे, म्हणजे १००० चे, पोर्ट असूनही तिथे १००/१०० दिसत असेल, तर एखादी तार गेलेली असण्याची दाट शक्यता आहे. राउटरचा पोर्टच १०० चा असेल तर मात्र या आकड्यावरून काही ठरत नाही.

टोकाचा पारदर्शक कनेक्टरही निरखून बघा. त्याच्यावरची छोटी पट्टी तुटली असेल तर तो पोर्टमध्ये ‘टक्’ करून बसत नाही. सीपीयू जरा सरकला, झाडताना केरसुणी लागली, की तो अर्धवट बाहेर येतो. सीपीयूच्या मागे त्या पोर्टजवळ बारीक दिवे असतात. नेट गेल्यावर ते विझले असतील तर भांडण वायरीशी किंवा कार्डाशी आहे, हे डोळ्यांनीच कळतं.

पक्कं करायचं असेल तर सीपीयू उचलून राउटरशेजारी न्या आणि तयार मिळणारी छोटी पॅच कॉर्ड लावून दिवसभर तिथेच काम करा. नेट गेलं नाही तर जुनी वायर काढून टाका. नवी घेताना कॅट-६ घ्या, पूर्ण तांब्याची. वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण वाकवली की लवकर तुटते. ती दारातून आणू नका. भिंतीला भोक पाडून आणा, किंवा चौकटीच्या वरून पट्टीत बसवून घ्या.

राउटरशेजारी आणूनही जात असेल तर मग कार्डाकडे वळा. नवं कार्ड मात्र लगेच घ्यायचं नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये तुमच्या कार्डाचं नाव असेल (घरगुती डेस्कटॉपात बहुधा रिअलटेक), त्यावर डबल क्लिक करा. ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी खूण असते, ती काढा. मग ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ आणि ‘ग्रीन इथरनेट’ यांपैकी जे दिसेल ते डिसेबल करा. २०१० मध्ये आलेल्या ८०२.३एझेड या मानकानुसार वायरीवर काही जात-येत नसलं की दोन्हीकडची कार्डं थोडी पेंगतात. कल्पना चांगली आहे, पण काही कार्डांचं आणि राउटरांचं जागं होताना जमत नाही आणि जोडणीच तुटते. तुम्ही फॉर्म भरण्याआधी कागदपत्रं वाचत शांत बसता आणि नेमकं तेव्हा नेट जातं असं वहीत दिसलं, तर हे करून बघाच. फॉरमॅटनंतर विंडोजने स्वतःच घातलेला ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून मदरबोर्डच्या कंपनीच्या वेबसाइटवरचा टाकणंही याच पायरीवर येतं. एवढं करून जमलं नाही तर वेगळं लॅन कार्ड स्लॉटमध्ये बसवता येतं. मदरबोर्ड बदलायची वेळ त्यानंतरही येत नाही.

आणि समजा वहीने सांगितलं की दोष बाहेर आहे. तर नेट गेल्या क्षणी राउटरचे दिवे बघा आणि फोनवर फोटो काढा. ‘लॉस’ हा दिवा लाल झाला असेल तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाहीये. सगळेच दिवे विझून पुन्हा लागत असतील तर राउटर रीस्टार्ट होतोय, मग अडॅप्टर किंवा प्लगची सैल पिन तपासा. पाण्याची मोटर सुरू झाली की होतं का, तेही बघा.

लाल दिवा लागत असेल तर कंपनीच्या माणसाला मीटर लावून प्रकाशाची पातळी दाखवायला सांगा. ती डीबीएममध्ये, वजा आकड्यात असते. घरगुती फायबरच्या डब्याला साधारण उणे ८ ते उणे २७ पर्यंत चालतं. तुमचा आकडा उणे २६-२७ च्या आसपास असेल तर वाऱ्याने वायर हलली, माकडाने तिच्यावरून उडी मारली तरी नेट जाईल, आणि तो माणूस समोर उभा असतानाच्या पाच मिनिटांत ‘लाइन ओके’ही दिसेल. खिळ्याला करकचून गुंडाळलेली फायबर, भिंतीच्या कोपऱ्यावर काटकोनात दुमडलेली फायबर, एवढ्यानेही प्रकाश गळतो. तक्रार करताना डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या आणि वहीतल्या वेळा वाचून दाखवा. तेवढ्याने दाद लागली नाही तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाने कंपनीने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. तिथे नुसतं ‘नेट सारखं जातं’ म्हणण्यापेक्षा तारीख-वेळांची यादी फार उपयोगी पडते.

वही भरली की जरूर कळवा, पुढचं मी सांगतो. अर्ज भरायच्या शेवटच्या तारखा जवळ असतील तर तोवर फोनचा हॉटस्पॉट यूएसबी वायरने जोडून ठेवा, निदान कुणा पोराची शिष्यवृत्ती हुकणार नाही.

प्रश्न : डेस्कटॉपला यूएसबीचा वायफाय डोंगल लावला आहे. एरवी बरा चालतो, पण बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोटो कॉपी करायला घेतले की नेट तुटतं. डोंगल बदलू का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : डोंगल आणि हार्ड डिस्क सीपीयूच्या मागे शेजारीशेजारी लावली आहे ना? यूएसबी ३ ची वायर आणि डिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात, आणि तुमचा वायफाय त्याच पट्ट्यात बोलतोय. इंटेलने २०१२ मध्येच याची मोजमापं प्रसिद्ध केली आहेत. शिवाय डोंगलच्या पुढ्यात पत्र्याची पेटी आणि मागे भिंत. मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर, डिस्कपासून लांब, राउटरच्या दिशेने ठेवा. डोंगल ५ गिगाहर्ट्झ पकडत असेल तर राउटरचं ते नाव निवडा. हा गोंगाट तिथे पोचत नाही, शेजारच्या मायक्रोवेव्हचाही नाही. फक्त ५ गिगाहर्ट्झ भिंतींपलीकडे लवकर मंदावतं, तेवढं बघून घ्या.

प्रश्न : लाइट गेली की कॉम्प्युटर यूपीएसवर चालतो, पण नेट बंद. राउटरसाठी काय घ्यावं?
— एक वाचक, अकोला

उत्तर : राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. आधी अडॅप्टरवरचे आकडे वाचा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, बहुधा १२, आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज लागेल. घेण्याआधी शेजाऱ्याचा इन्व्हर्टर चालू असताना त्याचं नेट टिकतं का ते विचारा. फायबर एक्स्चेंजपासून थेट येत असेल तर वाटेत प्रकाश घरोघरी वाटून देणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही. पण तुमच्या केबलवाल्याने गल्लीत विजेवरचा स्विच बसवला असेल, तर लाइट गेल्यावर तोच बंद पडतो, आणि मग आधी त्याला बॅटरी बसवायला सांगावं लागेल.