देवगडच्या आंब्यासाठी वेबसाइट करायची आहे. डोमेन नेम कोणाकडून घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरच्या बागेतला हापूस थेट गिऱ्हाइकाला विकायचाय, वेबसाइट करून देणारा एक मुलगा मिळालाय, एका कंपनीची ९९ रुपयांत .कॉम देण्याची जाहिरात दिसतेय, आणि तो मुलगा म्हणतोय, "डोमेनचं टेन्शन घेऊ नका, मी माझ्या अकाउंटवरून घेतो." तर भरवशाचा रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन (साइटचं नाव) नोंदवून देणारी कंपनी, कोणता?

रजिस्ट्रारचं नंतर बघू. आधी त्या मुलाला त्याच्या अकाउंटवरून घेऊ देऊ नका. मुलगा चांगला असेल. माझ्या मावशीचाही चांगलाच होता.

मी चिपळूणला छोट्या दुकानदारांच्या, लॉजवाल्यांच्या वेबसाइट करून देते. मावशीचं तारकर्लीला होमस्टे आहे. तिची साइट मात्र मी या धंद्यात पडायच्या आधी, ओळखीतल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराने केलेली. काम चोख, पैसेही बेताचे घेतले. डोमेन त्याने स्वतःच्या नावावर, कॉलेजने दिलेल्या ईमेलवर घेतलं. पुढे कॉलेज संपलं, ईमेल बंद झाला, पोरगा नोकरीला पुण्यात गेला, नंबर बदलला. मुदत संपत आल्याच्या नोटिसा त्या बंद मेलबॉक्सात जात राहिल्या. ऐन मे महिन्यात, सगळ्या खोल्या भरलेल्या असताना, एका पाहुण्याने मावशीला मोबाइल दाखवला. साइटच्या जागी कुठल्यातरी परक्या भाषेतला ऑनलाइन जुगार. "माझ्या घराच्या नावार ह्यो जुगार कोणी मांडलो गो?" असा तिचा मला फोन. पाटीवर, कार्डांवर, दोन रिक्षांच्या पाठीवर आणि सहा डझन टॉवेलांवर तेच नाव. परत मिळालं नाही. नव्या धन्याने मागितलेली रक्कम ऐकून मावशीने फोन काकांच्या हातात दिला आणि काकांनी तो कट केला.

यात रजिस्ट्रार कंपनीची काही चूक नव्हती. तिने नोटिसा पाठवल्या होत्या, तिच्या दप्तरी ज्याचं नाव होतं त्याला. जमिनीचं जसं सातबाऱ्यावर ठरतं तसंच हे. घर कुणी बांधलं, राहतं कोण, याला तिथे किंमत नाही.

म्हणून अकाउंट तुमचं, नाव तुमचं, मोबाइल तुमचा आणि ईमेलही तुमचा, रोज उघडता तो. मुलाला कामापुरता प्रवेश द्या. बहुतेक ठिकाणी तशी सोय असते, नसली तर शेजारी बसवून त्याच्याकडून नेमसर्व्हर, म्हणजे हे नाव कुठल्या साइटकडे न्यायचं ती नोंद, बदलून घ्या. आणि एक चूक भल्याभल्यांकडून होते ती अशी की अकाउंटला ईमेल त्याच डोमेनवरचा देतात. डोमेन बंद पडलं की तो मेलही बंद, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे? साधा जीमेल बरा.

आता हा व्यवहार कोणाकोणात होतो ते पाहू. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते मुदतीवर मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं. .कॉमचं मूळ दप्तर अमेरिकेतल्या व्हेरिसाइनकडे आहे, .इनचं आपल्याकडच्या निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे. या झाल्या रजिस्ट्री. तुमच्या-माझ्यासारख्याने त्यांच्याकडे रजिस्ट्रारमार्फत जायचं. .कॉम विकायला रजिस्ट्रारला आयकॅन या, जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेची मान्यता लागते, .इन विकायला निक्सीची वेगळी मान्यता. दोन्ही याद्या त्यांच्या त्यांच्या साइटवर आहेत. पाच मिनिटं लागतात, तेवढी काढा.

यादीत नाव नसलं तर लगेच ठग समजू नका. रजिस्ट्रारच्या खाली रिसेलर, म्हणजे त्याच्यामार्फत नावं विकणारे, असतात, आणि आपल्याकडची होस्टिंगची, म्हणजे साइट ठेवायला जागा देणारी, बरीचशी दुकानं मुळात रिसेलरच आहेत. या पद्धतीतलं एक मोठं नाव मुंबईतच घडलं. तुरखिया बंधूंच्या डायरेक्टीने रिसेलरक्लब आणि बिगरॉक सुरू केलं, आणि २०१४ मध्ये तो व्यवसाय अमेरिकेच्या एन्ड्युरन्सने घेतला. रिसेलरकडून घ्यायला हरकत नाही, फक्त त्याच्या वर कोण आहे ते आधी विचारून ठेवा. उद्या त्याने दुकान गुंडाळलं तर तुम्हाला थेट वरच्या रजिस्ट्रारकडे जाता येतं. अट एकच, दप्तरात नाव आणि ईमेल तुमचा हवा. पुन्हा तेच.

रजिस्ट्रार जोखायची माझी पद्धत थोडी उलटी आहे. त्यांचं 'विकत घ्या' पान मी बघतच नाही. मदतीच्या पानांत जाऊन 'इथून डोमेन दुसरीकडे कसं न्यायचं' ते शोधते. निघायचा रस्ता सरळ लिहिलेला असला, म्हणजे अकाउंटमध्ये शिरा, डोमेन परस्पर हलू नये म्हणून लावलेलं लॉक काढा, ऑथ कोड घ्या, एवढंच, तर कंपनी बरी. कोडसाठी फोन करा, अर्ज स्कॅन करून पाठवा, वेगळे पैसे भरा असं दिसलं की मी पान बंद करते. हा ऑथ कोड म्हणजे डोमेनची गुप्त किल्ली. .कॉमसारख्या नावांच्या बाबतीत तो मागितल्यावर ५ दिवसांच्या आत द्यायलाच हवा असा आयकॅनचा नियम आहे. नव्या रजिस्ट्रारकडे कोड टाकला की जुन्याकडे उत्तर द्यायला साधारण ५ दिवस असतात. त्याने काही कळवलं नाही तरी डोमेन हलतं. वर .कॉम हलवताना भरलेल्या पैशांत मुदत १ वर्षाने वाढते, त्यामुळे बदलीचा खर्च असा वाया जात नाही. मात्र नवं घेतल्यावर किंवा एकदा हलवल्यावर पुढचे ६० दिवस सहसा ते हलवता येत नाही. तेव्हा हंगामाच्या तोंडावर असले उद्योग नकोत.

आता ते ९९ रुपये. व्हेरिसाइन प्रत्येक .कॉममागे रजिस्ट्रारकडून सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला १०.२६ डॉलर घेते, म्हणजे साधारण ९०० रुपये. त्यावर आयकॅनचं किरकोळ शुल्क, आणि तुमच्या बिलावर १८ टक्के जीएसटी. मग ९९ रुपयांत विकणारा फरक कुठून भरून काढणार? दुसऱ्या वर्षापासून, तुमच्याकडूनच. म्हणून जाहिरातीतला आकडा सोडा आणि रिन्यूअलचा दर बघा. तो पैसे भरायच्या पानावर बारीक अक्षरात असतो, नाहीतर दरपत्रकाच्या वेगळ्या पानावर. शिवाय काही ठिकाणी होस्टिंग, मेल आणि कसली कसली 'सुरक्षा' तुम्ही न मागता टोपलीत येऊन बसते. एकेका टिकमार्कवर बोट ठेवून काढून टाका. बिल निम्म्यावर आलेलं मी पाहिलंय. ९९ ची ऑफर घ्यायची तर खुशाल घ्या, फक्त दुसऱ्या वर्षाचा आकडा वहीत लिहून ठेवा, आणि त्याच्याबरोबर ३ वर्षांचं होस्टिंग गळ्यात बांधून घेऊ नका.

घेतल्यानंतर दोन-चार दिवसांत 'तुमचा ईमेल पडताळा' अशी लिंक येते. .कॉमसाठी १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर नियमाप्रमाणे डोमेन थांबवलं जातं. "कालपर्यंत चालत होती हो साइट" असा फोन मला वर्षातून दोनदा तरी येतो, आणि दरवेळी कारण स्पॅममध्ये पडलेलं ते पत्र.

मुदत संपण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण डोमेनं खरी तिथे जातात. .कॉमच्या बाबतीत रजिस्ट्रारने साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर ५ दिवसांच्या आत अशा सूचना पाठवायच्या असतात. मुदत संपली म्हणजे नाव लगेच हातचं गेलं असं नाही. पुढे ४५ दिवसांपर्यंतची सवलत असू शकते. नेमके किती दिवस द्यायचे ते रजिस्ट्रार ठरवतो, आणि त्याच काळात काही जण नाव लिलावातही काढतात. त्यानंतर हटवलेलं नाव ३० दिवस 'रिडेम्प्शन'मध्ये राहतं, तिथून सोडवायचं तर नेहमीच्या दराच्या कितीतरी पट दंड. मग शेवटचे ५ दिवस, आणि नाव मोकळं. ते झेलायला लोक संगणकी जाळी लावून बसलेले असतात. .इनला आयकॅनचे हे नियम लागू नाहीत, म्हणून .इन घेताना सवलतीचे दिवस रजिस्ट्रारकडून लेखी विचारून घ्या. उत्तर किती दिवसांत येतं यावरून त्यांची ग्राहकसेवाही कळते.

"ऑटो रिन्यू चालू केलंय, मग काय!" असं म्हणू नका. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे कार्डावरून दरवेळी आपोआप पैसे कापायला दिलेल्या संमतीचे, नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, तेव्हापासून परदेशी कंपन्यांनी आपल्या कार्डावरून परस्पर पैसे कापणं भरवशाचं राहिलेलं नाही. कार्ड चालू, खात्यात पैसे, तरी व्यवहार फसतो. परदेशी रजिस्ट्रार स्वस्त आणि स्वच्छ असतात, मी स्वतः वापरते, पण रिन्यूअल हाताने करते. यूपीआय घेणारा आणि जीएसटीचं बिल देणारा देशी रजिस्ट्रार तुम्हाला सोयीचा पडेल. शक्य असेल तर ३ ते ५ वर्षांचं एकदम भरा.

मोठं नाव म्हणजे भरवसा, असंही नाही. गूगलने स्वतःचा डोमेनचा धंदा २०२३ मध्ये स्क्वेअरस्पेसला विकून टाकला. लोकांनी गूगल बघून घेतलेली नावं दुसऱ्याच कंपनीत गेली. आपल्याकडचं नेट फोर इंडिया तर एकेकाळचं बडं प्रस्थ. २०१९ पासून त्या कंपनीची दिवाळखोरीची प्रक्रिया राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे चालू होती आणि ग्राहकांना ना रिन्यूअल करता येत होतं ना डोमेन हलवता येत होतं. अखेर २०२१ मध्ये आयकॅनने मान्यता काढली आणि .कॉमसारखी नावं पब्लिक डोमेन रजिस्ट्री या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे सोपवली. अमेरिकेत २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय या रजिस्ट्रारचंही असंच झालं होतं. अशा वेळी ग्राहकांची नोंद सुरक्षित असावी म्हणून रजिस्ट्रारने ती त्रयस्थ ठिकाणीही ठेवायची असते. म्हणजे मान्यताप्राप्त रजिस्ट्रार बुडाला तरी नाव बहुधा वाचतं. पण त्या नोंदीत नाव कोणाचं असेल ते आता तुम्ही ओळखलंच असेल.

नावं विचारलीत म्हणून सांगते. क्लाउडफ्लेअर मूळ दरात देतं, वर नफा लावत नाही. मात्र त्यांचेच नेमसर्व्हर वापरावे लागतात आणि फोनवर बोलायला कुणी मिळेल ही आशा ठेवू नका. ज्याला सगळं स्वतः जमतं त्याने तिथे जावं. तुम्ही लिहिलंय की संगणकाचं फारसं कळत नाही, तर फोन उचलणारा, भारतात कार्यालय असलेला रजिस्ट्रार घ्या, वर्षाला दोनशे रुपये जास्त गेले तरी. घेण्याआधी त्यांना एकदा फोन करून बघा, दुपारी नको, रविवारी संध्याकाळी करा. अकाउंटला दोन टप्प्यांचं लॉगिन आहे का तेही विचारा. पासवर्डशिवाय मोबाइलवरचा कोडही लागला पाहिजे. 'ट्रान्सफर लॉक' कायम चालू ठेवा.

तारखेचं एक राहिलं. तुम्ही आता मार्चमध्ये १ वर्षासाठी घ्याल तर मुदत मार्चातच संपणार, नेमकी आगाऊ बुकिंगच्या गर्दीत. तेव्हा पुढचं रिन्यूअल गणपतीच्या सुमारास करून टाका. आधी भरल्याने दिवस बुडत नाहीत, जुन्या मुदतीच्या पुढेच वर्ष जोडलं जातं.

.कॉम की .इन? दोन्ही घ्या, आणि एकावरून दुसऱ्यावर वळवा. देवनागरीतलं .भारत २०१४ पासून मिळतंय, मराठीत नाव चालतं, पेटीवर छापलं तर देखणं दिसेल. पण मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक मोबाइलवर इंग्रजी कीबोर्डनेच टाइप करतं, म्हणून ते हौसेचं तिसरं नाव समजा. पहिल्या दोन्हींचा वर्षाचा खर्च तुमच्या एका पेटीच्या किमतीत बसेल. आणि टॉवेल छापायचेच असतील तर आधी डोमेनची पावती कोणाच्या नावाने आलीय ते बघून मग छापा.