गोल्डफिश पोट वर करून तरंगतोय, वाचेल का?
कल्ले हलत असतील तर धीर सोडू नका. वायुपिशवीवर (माशाला पाण्यात तोल सांभाळायला मदत करणारी पोटातली हवेची पिशवी) दाब आला की माशाचा तोल जातो, आणि गोलमटोल फॅन्सी गोल्डफिशमध्ये याचं कारण बऱ्याचदा बद्धकोष्ठता असतं. दोन-तीन दिवस काहीच खायला घालू नका. मग उकडलेला मटार साल काढून, कुस्करून थोडासा द्या. पुढेही माशाच्या खाद्याचे दाणे भिजवूनच टाका.

पण आधी पाणी तपासा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, आणि गोल्डफिशला मानवतं २०-२३ अंशांचं पाणी! टाकीवर ऊन येऊ देऊ नका, एअर पंप चालू ठेवा. तपासणीत अमोनिया (माशाच्या घाणीतून पाण्यात साचणारं विषारी द्रव्य) निघाला तर पाव भाग पाणी बदला. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून हे टाळू नका. पाणी येईल तेव्हा त्यातलं क्लोरीन काढून ते साठवून ठेवा. अंग सुजून खवले उभे राहिले असतील तर मात्र मटाराच्या भरवशावर थांबू नका, पशुवैद्यांना विचारा.