मोजायला बस

बडोदा, जानेवारी

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. एक आठवडा रात्रपाळी, पुढचा दिवसपाळी, उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ हे घड्याळात बघावं लागतं, वॉर्डातून खोलीवर आलं तरी डोकं भणभणतं. सगळं वाचलं, दोनदा वाचलं.

"जरा झाडाझुडपांत जाऊन ये, बरं वाटेल" असं तुला बऱ्याच जणांनी सांगितलं असणार. मी थोडं वेगळं सांगते: जा, पण मोजायला जा. नुसतं झाडाखाली बसलं की काळज्या तिथेही येऊन बसतात. मोजताना डोळा आणि बोट दोन्ही गुंततात. मग मन मागोमाग येतं.

तुझ्या गॅलरीत जास्वंदीची कुंडी आहे ना? तिची एक सरळ फांदी निवड. खालच्या एका पानापाशी दोरा बांध आणि बोट न उचलता एका पानावरून पुढच्या पानावर असं वर चढत जा. दांडीभोवती दोन फेरे पूर्ण होता होता सहावं पान साधारण पहिल्याच्या डोक्यावर येतं. म्हणजे पाच पानांमागे दोन फेरे. (फांदी उजेडाकडे कलली असेल तर देठ पिळवटतात, म्हणून देठ दांडीला जिथे जोडला आहे ती जागा बघायची, पान नाही.) मग तुळस घे. तिची पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करते. वरून वाकून बघितलंस की फुलीच दिसते.

पुढचा धडा अननसाचा. खंडेराव मार्केटमधून अख्खा घ्यायचा, सोललेला नको. त्याच्या डोळ्यांच्या तिरक्या रांगा एका बाजूनं बहुधा ८ भरतात, दुसऱ्या बाजूनं १३. सूर्यफुलाच्या बियांत हेच ३४ आणि ५५ होतात. आपल्या गुजरातच्याच पाटणला आचार्य हेमचंद्रांनी ११५० च्या सुमारास हे आकडे ज्या मालिकेत येतात तीच छंदांच्या हिशेबात मांडली. लघू एका मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. चार मात्रांची ओळ ५ प्रकारे भरता येते, पाच मात्रांची ८, सहा मात्रांची १३. ओळ लघूवर संपली तर आधी एक मात्रा कमी असलेल्या ओळीचे सगळे प्रकार बसतात, गुरूवर संपली तर दोन कमी असलेल्या ओळीचे. म्हणून मागच्या दोन आकड्यांची बेरीज. ही मालिका ज्याच्या नावानं ओळखली जाते त्या इटलीतल्या फिबोनाचीचं पुस्तक आलं ते १२०२ साली. वहीत स्वतः लिहून काढ, फार गोड हिशेब आहे.

आता तुझ्याशी ज्याचा संबंध आहे ते. शेंड्याला नवा कोंब फुटतो तो आधीच्या कोंबांपासून जिथे सगळ्यांत मोकळी जागा असेल तिथे. एवढंच. पूर्ण नक्षीचा आराखडा त्याच्याजवळ नसतो, तरी नक्षी होते. तू रात्रपाळी संपवून सकाळी आठ वाजता "पुढच्या वर्षी मी कुठे असेन, ही नोकरी माझी आहे का" असले प्रश्न घेऊन बसतेस. त्या वेळी ते कुणालाच सुटायचे नाहीत. तेव्हा आंघोळ, दोन घास, पडदे ओढून झोप, इतकंच बघ. मोठे प्रश्न सुट्टीच्या दिवसासाठी ठेव. ते कुठे पळून जात नाहीत.

सध्या भोरड्याही (गुलाबी मैना) आहेत. मध्य आशियाकडून पावसाळ्याच्या अखेरीस येतात, मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. दिवेलागणीला झाडांवर उतरण्याआधी त्यांचा थवा हवेत एकदम वळतो, फुगतो, आकसतो. पुढारी कोणी नाही. रोमच्या आकाशातल्या मैनांवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या सहा-सात पक्ष्यांकडेच लक्ष ठेवतो. तुझे सहा-सात कोण, त्यांची नावं लिहून काढ. त्यात मला धर.

मात्र निसर्ग म्हणजे मऊपणा असं समजू नकोस. ऑगस्ट २०२४ मध्ये आपली विश्वामित्री नदी लोकांच्या घरांत शिरली, मगरी वस्तीत आल्या. निसर्ग आपली समजूत काढायला बसलेला नाही. मला त्यातच आधार वाटतो. तुझ्या ड्यूटीच्या तक्त्याशी जास्वंदीला काही देणंघेणं नाही, म्हणून तू विस्कटलीस तरी ती विस्कटत नाही.

आणि एक. झोप आणखी काही आठवडे अशीच तुटत राहिली, किंवा जीव नकोसा वाटायला लागला, तर पानं मोजत बसू नकोस. डॉक्टरांना दाखव आणि मला फोन कर, मध्यरात्री असला तरी. तू नर्स आहेस, दुसऱ्याला हेच सांगितलं असतंस.

दिवसपाळी लागली की रविवारी दुपारी ये. अननस मी आणून ठेवते. रांगा खुणावायला दोन रंगांची स्केचपेनं तेवढी घेऊन ये.

अनेक आशीर्वाद,
तुझ्या बाई