अध्यक्ष विधेयक ‘फेटाळतात’ का?

प्रश्न असा आहे: ‘अमेरिकेच्या अध्यक्षांनी विधेयक फेटाळलं’ आणि ‘नकाराधिकार वापरला’ यांत फरक आहे का? आणि पॉकेट व्हेटोला मराठीत काय म्हणायचं?

फरक आहे, आणि त्याने बातमीचा अर्थच बदलतो. विधेयक फेटाळतं ते सभागृह. मतदान होतं, विधेयक पडतं, विषय संपला. अध्यक्षांना एवढा अधिकार नाही. त्यांनी विधेयक आक्षेपांसह, जिथे ते आधी मांडलं गेलं त्या सभागृहाकडे परत पाठवायचं असतं. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं मिळाली की अध्यक्षांच्या सहीवाचून कायदा होतो. हे दोन तृतीयांश मतदान करणाऱ्यांचे, एकूण सदस्यांचे नव्हेत. डिसेंबर 2020 मध्ये ट्रम्प यांनी संरक्षण खर्चाचं विधेयक परत पाठवलं; प्रतिनिधीगृहाने ते 322 विरुद्ध 87 आणि सिनेटने 81 विरुद्ध 13 मतांनी पुन्हा मंजूर केलं. अशा विधेयकाला ‘फेटाळलेलं’ कसं म्हणणार?

‘नकाराधिकार’ शब्द बरोबरच आहे. पण आपल्याकडे तो सुरक्षा परिषदेच्या बातम्यांतून रुळला आणि तिथला नकार अंतिम असतो. म्हणून वाचक इथेही तेच गृहीत धरतो. बातमीत ‘नकाराधिकार वापरून विधेयक परत पाठवलं’ असं पूर्ण लिहावं. पुढे काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) बाजी उलटवली, तर ‘नकाराधिकार मोडून काढला’. ‘कायद्यावर नकाराधिकार’ मात्र चूक, कारण तोवर ते विधेयकच असतं.

नुसतं ‘पुनर्विचारासाठी परत पाठवलं’ लिहिलं, तर आपल्या राष्ट्रपतींची आठवण होते आणि घोटाळा वाढतो. अनुच्छेद 111 नुसार संसदेने साध्या बहुमताने विधेयक पुन्हा संमत केलं, की राष्ट्रपतींना संमती द्यावीच लागते. (‘अमेरिकेचे राष्ट्रपती’ ही हिंदीची लागण. मराठीत अध्यक्ष किंवा राष्ट्राध्यक्ष.)

आता पॉकेट व्हेटो. अध्यक्षांना रविवार वगळून 10 दिवस मिळतात. काँग्रेसचं कामकाज चालू असेल आणि त्यांनी काहीच केलं नाही, तर विधेयक आपोआप कायदा होतं. मुदत संपण्याआधीच काँग्रेस स्थगित झाली आणि त्यामुळे विधेयक परत पाठवता आलं नाही, तर ते बाद होतं; हाच पॉकेट व्हेटो. दोन तृतीयांशाचा उपायही उरत नाही. नव्याने मांडण्यावाचून गत्यंतर नाही. त्यावर तोड म्हणून काँग्रेस सुट्टीतही नाममात्र बैठका घेते आणि विधेयक परत स्वीकारायला अधिकारी नेमून ठेवते. मग ‘परत पाठवायला जागाच नव्हती’ हा मुद्दा वादात सापडतो.

त्यामुळे ‘विधेयक दाबून ठेवलं’ इथे चालणार नाही. ते आपले तेव्हाचे राष्ट्रपती झैलसिंग यांना लागू पडतं: 1986 चं टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयक त्यांनी संमती न देता, परतही न पाठवता तसंच ठेवलं, कारण आपल्याकडे निश्चित मुदत नव्हती. अमेरिकेबाबत ‘पॉकेट व्हेटोने विधेयक बाद झालं’ असं सरळ लिहावं आणि पहिल्या उल्लेखात ‘म्हणजे मुदतीत सही न करता’ हे पाच शब्द जोडावेत. ‘खिसा-नकाराधिकार’ कृपया नको.