वाचकांचे प्रश्न : स्पीच कम्युनिकेशन शिकायचे म्हणजे काय शिकायचे?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र विषय घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेपासून वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांत भाग घेत आलो आहे आणि आंतरमहाविद्यालयीन पारितोषिकेही मिळाली आहेत. अमेरिकेतील विद्यापीठांत ‘स्पीच कम्युनिकेशन’मध्ये एम. ए. करता येते असे कळल्यापासून तिकडे जाण्याची इच्छा आहे. घरच्यांचे म्हणणे असे की, जे तुला येतेच ते शिकायला एवढा खर्च कशाला? तेथे नेमके काय शिकवतात, माझ्या तयारीचा उपयोग होईल का, आणि पुढे काय? — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : घरच्यांनी विचारलेला प्रश्न योग्य आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय अर्ज करू नये, असे माझेही मत आहे. भाषण कसे करावे हे या शाखेत शिकवतात, पण ते मुख्यतः पदवीच्या सुरुवातीच्या एखाद्या अभ्यासक्रमात. एम. ए.ला विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ इतरांची भाषणे बारकाईने वाचण्यात, ती कोणापुढे आणि कोणत्या प्रसंगी झाली याचा शोध घेण्यात आणि माणसे बोलून एकमेकांचे मत कसे घडवतात किंवा बदलतात यावरचे संशोधन समजून घेण्यात जातो.

ही शाखा वेगळी कशी झाली हे पाहिले, तर तिचे स्वरूप कळते. अमेरिकेत भाषणकला पूर्वी इंग्रजी विभागात शिकवली जात असे आणि साहित्याच्या मानाने तिला दुय्यम स्थान होते. १९१४ साली शिकागो येथे सतरा अध्यापकांनी इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडून स्वतःची संघटना स्थापन केली, तिच्यातूनच आजची नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन उभी राहिली. १९२५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील हर्बर्ट विचेल्न्स यांनी एका निबंधात या नव्या विषयाचा पाया घातला. साहित्याचा समीक्षक कृतीचे टिकाऊ सौंदर्य पाहतो, भाषणाच्या समीक्षकाने मात्र त्या भाषणाचा विशिष्ट श्रोत्यांवर झालेला परिणाम पाहिला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ टीका केली, पण भाषणाचा विचार श्रोत्यांना वगळून करता येत नाही हा आग्रह कायम राहिला.

आपल्या इतिहासातील एका प्रसंगावरून ही अभ्यासपद्धती समजून घेता येईल. १९०८ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. ज्युरीपुढचे त्यांचे इंग्रजी भाषण कित्येक दिवस, एकूण एकवीस तासांहून अधिक चालले. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. सातांनी त्यांना दोषी ठरवले, दोघांनी निर्दोष. शिक्षा सुनावण्यापूर्वी आणखी काही सांगायचे आहे का, असे न्यायमूर्ती दावर यांनी विचारले, तेव्हा टिळक अगदी मोजकी वाक्ये बोलले, आणि आज त्या न्यायालयात संगमरवरी फलकावर कोरलेली आहेत ती हीच वाक्ये. तासन्‌तास चाललेला युक्तिवाद आज फार थोड्यांना ठाऊक आहे. आता स्पीच कम्युनिकेशनचा विद्यार्थी विचारील की, त्या लांब भाषणाचे खरे श्रोते कोण होते? मराठी न जाणणाऱ्या बहुसंख्य ज्युरीसदस्यांना पटवण्यासाठी त्यात कोणते मुद्दे निवडले गेले, राजद्रोहाच्या कलमाचा अर्थ कसा लावला गेला, आणि त्याच वेळी न्यायालयाबाहेरच्या वाचकांसाठी त्यात काय ठेवले होते? शेवटच्या वाक्यांत ज्युरीचा निर्णय बाजूला सारून अधिक वरच्या शक्तींचा हवाला दिला आहे. तो देताना बोलणाऱ्याने आपला श्रोतृवर्गच बदलला असे म्हणता येईल का? या प्रश्नांची उत्तरे खटल्याच्या छापील वृत्तान्तातून, त्या काळच्या वृत्तपत्रांतून आणि कायद्याच्या इतिहासातून पुराव्यानिशी शोधावी लागतात, आणि असे काम स्पर्धेच्या व्यासपीठावर कधी करावे लागत नाही.

विषयाची दुसरी बाजू समाजशास्त्रीय आहे. तिथे प्रश्नावल्या, प्रयोग आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे गटातील चर्चा, कुटुंबातील संवाद, डॉक्टर आणि रुग्ण यांचे बोलणे अशा गोष्टींचा अभ्यास होतो. काही विभाग जवळजवळ पूर्णपणे याच बाजूचे असतात, काही भाषणांच्या समीक्षेचे, तर काही दोन्ही शिकवतात. अर्ज करण्यापूर्वी त्या विभागातील प्राध्यापकांचे प्रकाशित लेखन अवश्य वाचा. विद्यापीठाच्या एकूण नावलौकिकापेक्षा ही चौकशी मला जास्त महत्त्वाची वाटते. शोध घेताना एक लक्षात ठेवा की जुने ‘स्पीच कम्युनिकेशन’ हे नाव आता फार थोड्या विभागांनी ठेवले आहे. बहुतेक ठिकाणी हाच अभ्यास ‘कम्युनिकेशन’, ‘कम्युनिकेशन स्टडीज’ किंवा ‘ऱ्हेटरिक’ (वक्तृत्वशास्त्र) या नावांनी चालतो. पत्रकारिता आणि मास कम्युनिकेशन हे विभाग पुष्कळदा निराळे असतात.

आता तुमच्या तयारीविषयी. आवाज, उच्चार, सभाधीटपणा आणि वेळेचे भान ही तुमची मिळकत आहे आणि ती वाया जाणार नाही. तरीही आपल्याकडील स्पर्धांत भाषण बहुधा पूर्ण लिहून काढले जाते, ते पाठ केले जाते, त्यात कवितेच्या ओळी आणि थोरांची वचने पेरली जातात, आणि परीक्षक सादरीकरणाला भरपूर गुण देतात. अमेरिकन वर्गात विद्यार्थ्याने एका छोट्या टिपणावरून, पूर्वतयारीने पण पाठ न करता बोलावे अशी अपेक्षा असते. प्रत्येक दाव्यामागचा आधार कोणता, तो कोणी आणि कधी मांडला, हे बोलतानाच सांगावे लागते. समोरच्या वर्गाला या विषयाची कितपत माहिती आहे आणि त्यांचा विरोध कुठे असेल, याचा अंदाजही आधीच लिहून द्यावा लागतो. स्पर्धेत टाळ्या घेतलेले भाषण या कसोटीवर कच्चे ठरू शकते. यात परकेपणा वाटण्याचे कारण नाही, कारण ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरील प्राचीन संस्कृत ग्रंथात वाईट पाठकाचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, डोके हलवणारा, लिहिलेले वाचणारा आणि क्षीण आवाजाचा यांच्याबरोबर अर्थ न कळता म्हणणाराही आहे.

वादविवादाचेही तसेच. न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, चर्चेचे तीन प्रकार मानले : सत्य शोधण्यासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचे फक्त खंडन करणारी वितंडा. आपल्या स्पर्धा जल्प शिकवतात, आणि तो शिकणे आवश्यकही आहे, पण एम. ए.च्या सेमिनारमध्ये वाद अपेक्षित असतो, आणि तिथे आपला मुद्दा मागे घेणे हे पराभवाचे लक्षण मानत नाहीत. स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ मध्ये मांडलेले युक्तिवादाचे प्रारूप, म्हणजे दावा, त्याचा आधार आणि त्या दोहोंना जोडणारे तत्त्व, या विभागांत आजही शिकवले जाते. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन हे न्यायशास्त्रातील युक्तिवादाचे पाच अवयव ज्याला माहीत आहेत, त्याला हे प्रारूप लवकर उमगेल, आणि दोहोंची तुलना हा प्रबंधाचा उत्तम विषय होईल. नारदीय कीर्तनातील पूर्वरंग आणि उत्तररंग यांची बांधणी हाही असाच एक विषय आहे. सादरीकरणाच्या अंगाने भाषणाचा अभ्यास करणारे विभाग अशा विषयांचे स्वागत करतात.

खर्चाविषयी माझे मत स्पष्ट आहे : टीचिंग असिस्टंटशिप मिळाल्याखेरीज मोठे कर्ज काढून हा अभ्यासक्रम घेऊ नये. मोठ्या सरकारी विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भाषणकलेचा पायाभूत अभ्यासक्रम द्यावा लागतो, आणि त्याच्या अनेक तुकड्या एम. ए. व पीएच. डी.चे विद्यार्थी शिकवतात. त्याच्या मोबदल्यात शिक्षणशुल्कात माफी आणि दरमहा विद्यावेतन मिळू शकते. परदेशी विद्यार्थ्याला त्यासाठी इंग्रजी बोलण्याच्या चाचणीत चांगले गुण लागतात. तुमची बी. ए. तीन वर्षांची असेल, तर काही विद्यापीठे सोळा वर्षांच्या शिक्षणाची अट घालतात, म्हणून चौथे ऑनर्स वर्ष किंवा येथील एम. ए. पूर्ण करणे सोयीचे ठरेल. शिक्षणानंतर अमेरिकेत कामाची परवानगी साधारण एक वर्ष मिळते. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी आणखी दोन वर्षांची वाढ भाषण आणि ऱ्हेटरिकच्या पदवीला लागू होत नाही, हे धरूनच हिशोब करा.

परत येऊन अध्यापन करायचे असेल, तर नेट या अध्यापक-पात्रता परीक्षेच्या विषययादीत ‘जनसंचार व पत्रकारिता’ आहे, स्पीच कम्युनिकेशन हा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे पीएच. डी.पर्यंत जाण्याची तयारी नसेल, तर जनसंपर्क, प्रशिक्षण, सामाजिक संस्थांचे लोकसंवादाचे काम किंवा कायद्याचे शिक्षण या दिशांचा विचार आधीपासूनच करावा. घरच्यांना हे सगळे जसेच्या तसे सांगा.

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. तिला बोलण्यात अडचण असलेल्या मुलांवर उपचार करायचे आहेत. तिने पदवीला स्पीच कम्युनिकेशन घ्यावे का? — एक पालक, नाशिक

उत्तर : घेऊ नये. दोन्ही शाखांच्या नावांत साम्य आहे आणि अमेरिकेत पूर्वी दोन्ही एकाच विभागात नांदत होत्या. परंतु वाचादोषांवर काम करणाऱ्यांनी १९२५ मध्येच आपली वेगळी संघटना स्थापन केली आणि आज त्यांचे काम आरोग्यक्षेत्रातील स्वतंत्र व्यवसाय मानले जाते. भारतात त्यासाठी बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा यांच्या उपचारशास्त्राची पदवी घ्यावी लागते. ती इंटर्नशिपसह चार वर्षांची असून प्रवेशासाठी बारावी विज्ञान शाखा लागते, आणि अधिकृत नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था ही या शिक्षणाची महत्त्वाची केंद्रे आहेत. बोलू न शकणाऱ्या मुलाला पहिला शब्द सापडवून देण्याचे हे काम फार मोलाचे आहे. मुलीची ओढ खरी असेल, तर तिला नक्की पाठिंबा द्या.

प्रश्न : मला माणसामाणसांतील संवादाच्या अभ्यासात खूप रस आहे, पण चार लोकांपुढे उभे राहिले की हातपाय थरथरतात. अशा व्यक्तीने या विषयाकडे वळावे का? — एक वाचक, लातूर

उत्तर : जरूर वळावे. ज्या भीतीमुळे तुम्ही मागे सरत आहात, ती या शाखेत सर्वांत जास्त अभ्यासल्या गेलेल्या विषयांपैकी एक आहे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील जेम्स मॅक्रॉस्की यांनी १९७० पासून तिच्यावर पद्धतशीर काम केले आणि तिचे मोजमाप करणारी चोवीस विधानांची प्रश्नावली तयार केली. गटचर्चा, बैठक, दोघांतील संभाषण आणि जाहीर भाषण या चार प्रसंगांतील भीती तीत वेगवेगळी मोजली जाते. एकूण गुण २४ ते १२० यांच्या दरम्यान येतात आणि ८० च्या वर असतील तर भीती तीव्र समजतात. एखाद्याला जाहीर भाषणाची अतिशय भीती असते, पण समोरासमोरच्या बोलण्यात तो अगदी मोकळा असतो. तुमच्या पत्रावरून तुमचेही तसेच असावे. असे असेल तर त्याला स्वभावाचा दोष म्हणणे चूक आहे.

भाषणाच्या काळात हृदयाचे ठोके आणि मनातील भीती यांची मोजणी करणाऱ्या संशोधनात असे आढळले आहे की, भीती साधारणपणे बोलायला सुरुवात करताना, पहिल्या मिनिटाच्या आसपास शिगेला पोहोचते आणि त्यानंतर बहुतेकांच्या बाबतीत उतरू लागते. म्हणून सबंध भाषण पाठ करण्याऐवजी सुरुवातीची तीन-चार वाक्ये पक्की करावीत आणि पुढचे टिपणावरून बोलावे. भीती कमी करण्यासाठी शरीर शिथिल ठेवत लहान प्रसंगांपासून मोठ्या प्रसंगांकडे टप्प्याटप्प्याने जाणे, मनातील ‘सगळे हसतील’ यासारख्या समजुती तपासून बदलणे आणि भाषणाची कौशल्ये शिकणे असे तीन मार्ग वापरले जातात, आणि ते एकत्र वापरल्यास अधिक उपयोग होतो.

अभ्यासक्रमाच्या दृष्टीने पाहता, एम. ए.ला जाहीर भाषणे फारशी करावी लागत नाहीत. सेमिनारमधील चर्चा आणि लेखन यांवर भर असतो. वर लिहिलेली असिस्टंटशिप घेतली, तर मात्र पहिल्याच सत्रात वीस-पंचवीस मुलांच्या वर्गापुढे उभे राहावे लागेल. त्यासाठी पुष्कळ विभाग सत्रापूर्वी प्रशिक्षण देतात, तयार पाठ्यक्रम हातात देतात आणि एका अनुभवी प्राध्यापकाची देखरेख असते. अर्जासोबतच्या निवेदनात ही भीती लपवू नका. संवादाची भीती हाच तुमच्या अभ्यासाचा विषय असेल, तर तसे लिहा आणि त्यावर काम करणारे प्राध्यापक ज्या विभागात आहेत, तिथेच अर्ज पाठवा.