‘इंग्रजी’ बँड की इंग्लंडचा बँड?

प्रश्न असा आलाय की लूज ट्यूब्ज या बँडच्या ‘ओपन लेटर’ या अल्बमबद्दल मराठीत ‘इंग्रजी जॅझ बिग बँडचा स्टुडिओ अल्बम’ असं लिहिलं तर चालेल का. माझं मत, ‘इंग्रजी’ तेवढं काढा, बाकी राहू द्या.

‘इंग्रजी बँड’ म्हटलं की आधी वाटतं इंग्रजीत गाणारा, आणि इथे तर जवळपास सगळं वाजवणंच आहे, सॅक्सोफोन, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा, फ्लूट. शिवाय मराठीत हा शब्द भाषेपुरता कधी नव्हताच. माझी आजी डॉक्टरच्या गोळ्यांना ‘इंग्रजी औषध’ म्हणायची, वैद्याची पुडी नाही ना मग ते इंग्रजी, गोळी कुठल्या का देशातली असेना. जानेवारी-फेब्रुवारीला आपण आजही इंग्रजी महिने म्हणतो आणि ती नावं तर रोमन लोकांची! म्हणजे इंग्रजी म्हणजे साहेबाकडचं, पाश्चात्त्य. त्या हिशेबाने ड्यूक एलिंग्टनचा अमेरिकन बँडही इंग्रजीच ठरेल, आणि आपल्याला नेमकं हेच सांगायचंय की हा अमेरिकेतला नाही, लंडनमध्ये १९८४ साली जॅझ संगीतकार ग्रॅहम कॉलियरच्या वर्कशॉपमधून उभा राहिलेला एकवीस जणांचा बँड आहे (‘ओपन लेटर’चा निर्माता टिओ मासेरो मात्र अमेरिकन). म्हणून सरळ ‘इंग्लंडचा’ किंवा ‘इंग्लंडमधला’ लिहा.

‘बिग बँड’चं ‘मोठा बँड’ करू नका, त्याने नुसता आकार कळतो. बिग बँड हा एक ठरलेला प्रकार आहे, सॅक्स, ट्रंपेट, ट्रॉम्बोन यांच्या रांगा आणि सोबत पियानो, बास, ड्रम्स. ‘वाद्यवृंद’ मला फार आवडतो पण तो कुठल्याही ऑर्केस्ट्राला चालतो, जॅझचा हा थाट त्यात येत नाही.

‘स्टुडिओ’ पण गाळू नका. यांचे स्टुडिओ अल्बम तीनच, १९८५, १९८६ आणि १९८८ चा हा शेवटचा. सप्टेंबर १९९० मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स या जॅझ क्लबात प्रेक्षकांसमोर जे वाजवलं त्याचं रेकॉर्डिंग ‘डान्सिंग ऑन फ्रिथ स्ट्रीट’ म्हणून थेट २०१० मध्ये आलं. नुसतं ‘ध्वनिमुद्रिका’ लिहिलं तर हा फरकच पुसला जातो.

अल्बमचं नाव आहे तसंच ठेवा. अर्थ सांगायचाच झाला तर ‘उघडं पत्र’ नको, आपल्या वर्तमानपत्रांत त्याला ‘अनावृत पत्र’ हा छान रुळलेला शब्द आहे.