"आम्ही बायोमेडिकल घेतलं" म्हणजे नक्की कोणी घेतलं?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मार्क चांगले, आणि आता म्हणतोय कॉलेज सोडून मॉडेलिंग करणार, मग टीव्ही, हॉलिवूडचा नट अ‍ॅश्टन कुचरनेही इंजिनीअरिंग सोडलंच होतं ना! वडिलांनी दीड महिना बोलणं टाकलंय, त्याचा फोनचा प्लॅन बंद केलाय, निरोप आईमार्फत जातात. "मंडळात काय तोंड दाखवू, तुम्हीच त्याला समजवा."

अहो, मुलाचं नंतर बघू. मला तुमच्या पत्रातलं एक वाक्य खटकलं, "आम्ही बायोमेडिकल घेतलं." आम्ही म्हणजे कोण? लेक्चरला तुम्ही बसता का? दोन पानी पत्रात पोराने हा विषय का घेतला याची एक ओळ नाही, गणपतीत लोक काय विचारतील याच्या मात्र सात आहेत, मोजल्या मी. आणि विशीतल्या पोराचा फोन बंद करून काय मिळवलंत, अडचणीत सापडला तर फोन तुम्हाला करणार नाही एवढंच.

आता तो कुचर. आयोवा युनिव्हर्सिटीत बायोकेमिकल इंजिनीअरिंगला गेला ते जुळ्या भावाच्या हृदयाच्या आजारावर काहीतरी इलाज शोधायचा म्हणून, म्हणजे त्याला स्वतःचं कारण होतं. सीरियलच्या फॅक्टरीत (टीव्हीची नाही हो, नाश्त्याची) झाडू मारून पैसे कमवत होता. १९९७ ला आयोवातली मॉडेलिंगची स्पर्धा जिंकला आणि मग कॉलेज सोडलं. हा क्रम तुमचा मुलगा उलटा धरून बसलाय, त्याला वाटतं आधी सोडायचं मग दार उघडतं. कुचरला निदान एक दार किलकिलं झालेलं दिसत होतं, मग न्यूयॉर्क, कॅल्विन क्लाइन या कपड्यांच्या ब्रँडसाठी मॉडेलिंग, आणि १९९८ ला 'दॅट सेव्हंटीज शो' ही टीव्ही मालिका. इतकं भराभर फार थोड्यांचं जमतं. आणि तो न्यूयॉर्कपासून लांबच्या आयोवातून निघाला होता, तुमच्या एडिसनहून मॅनहॅटन ट्रेनने तासाभरावर, शनिवारी अ‍ॅक्टिंग क्लास करून रात्री जेवायला घरी येता येतं, त्यासाठी डिग्री कशाला सोडायची? अगदीच वाटलं तर एका सेमिस्टरची रजा घेता येते का ते कॉलेजात विचारा.

शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की एका एजन्सीने फोटोशूटचे १,८०० डॉलर मागितलेत. खरं तर पत्र इथून सुरू व्हायला हवं होतं. चांगली एजन्सी काम मिळाल्यावर त्यातून कमिशन कापते, आधी पैसे मागत नाही. हे पोराला आजच कळायला हवं, आणि सांगणार कसं, फोन तर तुम्हीच बंद केलाय. तो आधी चालू करा.

आणि मुलाला माझ्याकडे पाठवू नका. आधी तुम्ही या, एकटे.